विंडसरला बिऱ्हाड हलवताना

मैत्रिणींनो, यजमानांना कॅनडातल्या विंडसरला नोकरी लागली, की आपली बांधाबांध सुरू! नदीपलीकडे अमेरिकेचे डेट्रॉइट समोर दिसते. १९२९ चा अ‍ॅम्बॅसडर पूल आहे, १९३० चा बोगदा आहे. पण मनात आलं नि पलीकडे बाजाराला गेलं, असं नाही बरं का! भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

आणि लोणच्याच्या बरणीआधी स्वतःची प्रमाणपत्रे आठवा. तिथल्या सरकारी शाळांत शिकवायला 'ऑन्टारिओ कॉलेज ऑफ टीचर्स'चा दाखला लागतो. विद्यापीठातली कागदपत्रांची खटपट इथे असतानाच उरका. मीही अर्धवेळ शिक्षिकाच, म्हणून सांगते: सगळ्यांचं घर लावताना आपली पदवी ट्रंकेच्या तळाशी राहू देऊ नका.