ओल्या कोपऱ्यातला जो पाय

मंडळी, तुमच्या घरामागे असा एखादा कोपरा असेलच, जिथे डाउनस्पाउटचं पाणी साचतं, लॉनमोअरची चाकं रुततात आणि गवत काही धड येत नाही. पाइप टाकून पाणी काढण्याचं एस्टिमेट मागवण्याआधी तिथे ‘जो पाय वीड’ लावून बघा.

नावात ‘वीड’ म्हणजे तण असलं तरी दचकू नका. न्यू जर्सीसह पूर्व अमेरिकेत ओढ्याकाठी, ओलसर कुरणांत उगवणारं हे इथलंच रानफूल. उंची ५ ते ७ फूट. जुलै ते सप्टेंबर फिकट जांभळट-गुलाबी तुरे येतात आणि त्यांवर मोनार्क, स्वॅलोटेल फुलपाखरं आणि मधमाश्या तुटून पडतात. जोसेफ नावाच्या एका मोहिकन प्रमुखाला लोक ‘जो पाय’ म्हणत. त्याच्यावरून हे नाव पडलं, असं २०१७ मध्ये दोन अभ्यासकांनी दाखवून दिलं.

लावायचं कसं?

• रोपं वसंतात किंवा सप्टेंबरात लावा, दोन रोपांत २ ते ३ फूट अंतर ठेवून. ऊन भरपूर हवं. अर्धवट सावलीही चालते.
• बी पेरायचं तर नोव्हेंबरात बाहेरच पेरा. थंडी लागल्यावर ते चांगलं रुजतं. माती फार टाकू नका, त्याला उजेड लागतो.
• पहिल्या वर्षी माती सुकू देऊ नका. खत नको, नुसतं उंच वाढून झाड आडवं पडतं.
• फार उंच नको असेल तर जूनच्या सुरुवातीला निम्मं छाटा.
• वसंतात कोंब उशिरा दिसतात. मेलं समजून उपटू नका!
• हरणं सहसा तोंड लावत नाहीत.
• नर्सरीत कीटकनाशक न मारलेलं रोप मागा, नाहीतर फुलपाखरांना आपणच विष दिल्यासारखं होईल.

आता कुणी म्हणेल, ‘थोडं बी गावी घेऊन जाऊ का?’ अजिबात नको. कोकणात रान गिळत चाललेली रानमोडी ही याच कुळातली, मूळची अमेरिका खंडातली. पूर्वी दोन्ही झाडं युपॅटोरियम या एकाच प्रजातीत धरली जायची. मूळ मुलखात रानमोडीला खाऊन आवरणारे किडे आहेत. कोकणात ते तिच्याबरोबर आले नाहीत. इथलं झाड इथेच लावायचं, ते याचसाठी. इथले किडे-पाखरं त्याला ओळखतात आणि तेही मर्यादेत राहतं.

तीन-चार वर्षांत एका रोपाचं चांगलं बेट होतं. वसंतात ते विभागा. एक भाग शेजाऱ्याला द्या आणि एक मंडळाच्या पुढच्या मदतनिधीच्या टेबलावर विक्रीला ठेवा!