गाळ्यातला कोड सगळ्यांसाठी

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात मशिनं बनत नाहीत. दुसऱ्यांच्या मशिनांची माहिती बाहेर काढून देणं हा आमचा धंदा. चाकणच्या एखाद्या व्हेंडरला कॉम्प्रेसर किती वीज खातो, कोणती प्रेस कोणत्या शिफ्टला किती वेळ बंद होती, हे मोबाइलवर बघायचं असतं. आम्ही पॅनेलमधल्या मीटरला दोन तारा जोडतो, शेजारी छोटा कॉम्प्युटर बसवतो आणि प्रोग्राम लिहितो. त्यातला बराचसा कोड आमचा नसतो, हे मी ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगतो.

हे मीटर मॉडबसने बोलतात. मोडिकॉन या अमेरिकन कंपनीने 1979 मध्ये आपल्या पीएलसीसाठी, म्हणजे मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी, ही पद्धत आणली आणि ती जगभर पसरली. ती समजणारा प्रोग्राम मुळापासून लिहायचा तर बरेच आठवडे जातील. त्याऐवजी आम्ही ‘पिप इन्स्टॉल पायमॉडबस’ अशी एक ओळ टाइप करतो, आणि अनोळखी माणसांनी लिहिलेला, तपासलेला कोड मिनिटभरात आमच्या कॉम्प्युटरवर उतरतो. एम-8 चा बोल्ट कोणी लेथवर कापत बसत नाही, हार्डवेअरच्या दुकानातून आणतो, तसंच हे.

हा कोड जिथून येतो त्या भांडाराचं नाव पायपीआय, म्हणजे पायथन पॅकेज इंडेक्स. आमचे प्रोग्राम पायथन भाषेतच असतात. ते 2003 पासून चालू आहे आणि आज त्यावर पाच लाखांहून जास्त पॅकेजं आहेत. पर्ल भाषेचं सीपॅन त्याआधीचं, 1995 चं. जावास्क्रिप्टचं एनपीएम 2010 चं. कोड घ्यायला पैसे लागत नाहीत, ठेवायलाही नाहीत. मात्र फुकट म्हणजे बेवारस नव्हे. पॅकेजला लायसन्स असतं. एमआयटी किंवा बीएसडी लायसन्स म्हणतं, वापरा, विका, फक्त मूळ लेखकाची नोंद पुसू नका. जीपीएलची अट अशी की त्यावर बेतलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर त्याचा कोडही द्या. धंदा करणाऱ्याने हे वाचलंच पाहिजे.

आता खरी अडचण. पायमॉडबस मीटरमधले आकडे आणून देतं, पण कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे त्याला माहीत नसतं. तो अर्थ मीटरच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. मॅन्युअल एखाद्या रजिस्टरला, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्याला, 40001 म्हणतं, तारेवर मात्र त्याचा पत्ता शून्य असतो. बऱ्याच मीटरांत व्होल्टेजचा दशांश आकडा 16 बिटांच्या दोन रजिस्टरांत विभागलेला असतो. 230 व्होल्ट असतील तर एका रजिस्टरात 17254 आणि दुसऱ्यात 0. ही दोन रजिस्टरं उलट क्रमाने जोडली की मीटरवर 230 दिसत असताना आपल्या स्क्रीनवर जवळजवळ शून्य येतं. नवा पोरगा मग तारा तपासत बसतो, आणि तारा तर ठीकच असतात.

हे कोडं तळवड्यातला एक गाळा सोडवतो, मग चिखलीतला दुसरा सोडवतो, मग चाकणच्या कंपनीतला मेंटेनन्सचा माणूस रात्रपाळीत सोडवतो. मीटर तोच, उत्तरही तेच, आणि ते तिघांच्या तीन लॅपटॉपांत पडून राहतं. मला याचं फार वाईट वाटतं. आपल्या पट्ट्यात इतकी मशिनं, इतके वजनकाटे, इतके बारकोड प्रिंटर आहेत. त्यांच्याशी कसं बोलायचं हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आपल्याकडच्या माणसांनी असं काही दिलेलंच नाही, असंही नाही. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेलं ‘मायावी’ हे आकड्यांची त्रिमितीय चित्रं काढणारं पॅकेज पायपीआयवर आहे. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. पायथनवाल्यांची ‘पायकॉन इंडिया’ परिषद 2011 साली पुण्यात भरली होती.

भांडारावर डोळे झाकून विसंबणं मात्र बरं नाही. मार्च 2016 मध्ये एनपीएमवरच्या एका लेखकाने रागाने आपली पॅकेजं काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज होतं, आणि त्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प जगभर अडले. प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादं अक्षर बदलून चोरटा कोड ठेवणारेही असतात, म्हणून नाव नीट वाचून टाइप करायचं. आवृत्तीचा आकडाही लिहून ठेवायचा. पायमॉडबसच्या तिसऱ्या आवृत्तीत कितीतरी नावं बदलली. दुसऱ्या आवृत्तीवर लिहिलेला प्रोग्राम तिच्यावर तसाच्या तसा चालत नाही. चालू लाइनवर ‘नवीन आलंय, टाकून बघू’ हे करू नये.

आणि आपला कोड भांडाराला द्यायचा कसा? कोडबरोबर एक छोटी फाइल लागते. तिच्यात पॅकेजचं नाव, आवृत्ती, लायसन्स. सरावासाठी टेस्ट-पायपीआय ही वेगळी जागा आहे, आधी तिथे चढवून बघा. खऱ्या जागी एकदा चढवलेली फाइल काढून टाकली तरी त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही. चूक दुरुस्त करायची तर आवृत्तीचा आकडा वाढवावा लागतो. ग्राहकाचं नाव, पासवर्ड, आयपी पत्ते, पार्ट नंबर आधी काढा. पासवर्ड चुकून गेलाच तर फाइल काढून भागत नाही, पासवर्डच बदला, कारण तोवर कोणीतरी प्रत घेतलेली असू शकते. नोकरीत असाल तर कोड कंपनीचा असतो, साहेबांची लेखी परवानगी घ्या. मीटरचा रजिस्टर तक्ता वाचणाऱ्या शंभर ओळींत कंपनीचं कोणतंही गुपित नसतं, हे त्यांना समजावून सांगा.

तुमच्या लॅपटॉपमध्ये असा एखादा चालता कोड असेल तर या महिन्यात तो चढवा. सोबतची माहिती इंग्रजीत लिहा आणि मराठीतही लिहा, म्हणजे आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या पोराला मीटर कसा जोडायचा हे विचारायला कोणाच्या पाठी लागावं लागणार नाही.