अर्जात नसलेला रकाना

केळापूर हे तालुक्याचे नाव. पण तहसील कचेरी, कोर्ट, बाजार समिती, एसटी स्टँड हे सारे पांढरकवड्याला. केळापूर गाव तिथून अगदी जवळ, जगदंबेच्या देवळाचे. नव्याने बदलून येणाऱ्याला हा घोळ उलगडायला आठवडा जातो. मी १९८८ साली बँकेचा अधिकारी म्हणून तिथे गेलो, तेव्हा नागपूर-हैदराबाद रस्त्याचा क्रमांक ७ होता. आता तो ४४ आहे. रस्त्याच्या कडेने कापसाच्या बंड्यांची रांग लागलेली असायची आणि हवेत रुईचे तंतू तरंगत असायचे. पहिल्याच हिवाळ्यात मला दम्यासारखा खोकला लागला, तो बदली होईपर्यंत गेला नाही.

त्या दिवसांतल्या दोन माणसांविषयी लिहायचे बरीच वर्षे मनात होते. कादंबरीत त्यांना घालून पाहिले, पण तिथे ती बसेनात. कादंबरीत माणसाला वाकवता येते. ही वाकत नव्हती.

पहिला माणूस जिनमधला. वय तेव्हा चाळिशीच्या अलीकडे. पट्ट्यात सापडून त्याचा उजवा हात कोपरापासून गेला होता. कायद्याप्रमाणे भरपाई मिळाली, ती घराचे छप्पर आणि बहिणीचे लग्न यांत संपली. मालकाने हाकलले असे नाही, बोलावलेच नाही. एका हाताच्या माणसाला जिनमध्ये काय काम, हे मालकाने धरून चालले, गावाने धरून चालले आणि खरे सांगायचे तर मीही.

आमच्याकडे तेव्हा विभेदक व्याजदर योजना होती. कागदोपत्री आम्ही तिला डीआरआय म्हणायचो. १९७२ सालची योजना, व्याज अवघे चार टक्के, तारण नाही. आदल्या वर्षीच्या एकूण कर्जाच्या एक टक्का रक्कम अशी वाटायची, असे बँकांना उद्दिष्ट. मार्च जवळ आला की त्या एक टक्क्यासाठी माणसे शोधायला आम्ही निघत असू. अपंग व्यक्ती हा त्यातला पात्र वर्ग. (तेव्हा शब्द अपंग होता. पुढे विकलांग आला, मग दिव्यांग. नाव बदलल्याने फळीवरची फाईल खाली येते असा माझा अनुभव नाही.) तर असा तो माझ्यासमोर बसला. अर्जात नाव, वय, जात, उत्पन्न, अपंगत्वाचा प्रकार, टक्केवारी, कर्जाचा उद्देश असे रकाने होते. उद्देशाच्या रकान्यात मीच लिहिले : पानटपरी. त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला. कर्ज साडेचार हजारांच्या आसपास होते. टपरी उभी राहिली, हार घालून फोटो काढला, तो वरच्या कार्यालयात गेला. मी ती फाईल बांधली आणि विसरलो.

दीड वर्षाने वसुलीला गेलो तेव्हा टपरीला बाहेरून तार गुंडाळलेली होती. आतल्या फळीवर कोंबड्या बसल्या होत्या. हप्ते तीनच आले होते. मी नेहमीचे बोललो. सरकारचा पैसा, इतरांचे काय, नोटीस काढावी लागेल. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘‘साहेब, तुमी मले टपरी देल्ली. मले धंदा येत नाई. उधारी मागाले तोंड उचलत नाई माह्यं. मले रेचा येते.’’

रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र. चामड्याच्या फिरत्या रुळाला रुई चिकटते, पात्याशी सरकी अडते आणि खाली पडते. रूळ आणि पाते यांतले अंतर थोडे चुकले तरी सरकी फुटते किंवा रुळ तापतो. आणि रुईच्या ढिगाशेजारी तापलेले काही असणे म्हणजे काय, हे जिनची आग पाहिलेल्यालाच कळेल. हा माणूस दहा-बारा वर्षे त्या यंत्रांत वावरला होता. ‘‘वीस रेचे चालू असले तरी कोनता बिघडला ते मी दारातून सांगतो,’’ असे तो म्हणाला. ही बढाई नव्हती. जिनच्या जुन्या फिटरला मी पुढे विचारले, त्यानेही तेच सांगितले. म्हणजे जिनला हवा असलेला माणूस जिनपासून अर्ध्या कोसावर कोंबड्यांच्या टपरीशेजारी बसला होता, आणि त्याला तिथे बसवण्यासाठी मी कर्ज दिले होते.

मी विचारले, हे तेव्हा का नाही सांगितले? तो म्हणाला, ‘‘मले कोनं इचारलं होतं?’’

खरोखरच अर्जात तसा रकाना नव्हता. तुला काय येते, हा प्रश्न कुठेच नव्हता. काय येत नाही, ते मात्र टक्क्यांत लिहायचे होते.

मी मालकाकडे गेलो, हे माझ्या बाजूने सांगायला हवे. त्याने चहा पाजला. ‘‘पुन्हा काही झालं तर?’’ एवढेच म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हते. पहिला महिना याच्याबरोबर कोण राहील, पट्ट्यांवर जाळी कुठे बसवायची, डाव्या हाताने पान्हा कसा धरायचा, जड काम कोणाकडे द्यायचे, हे बसून ठरवले असते तर कदाचित जमले असते. पण ते ठरवणारा माणूस मी नव्हतो आणि दुसराही कोणी नव्हता. नोटीस निघाली. सही माझीच होती. पुढे ते कर्ज निर्लेखित झाले. बँकेच्या भाषेत प्रकरण मिटले.

दुसरा होता सायकलच्या दुकानात. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. बोलणे अडखळत, मोजणे पाचापलीकडे जात नसे. गावात त्याला ज्या नावाने हाक मारत, ते इथे लिहीत नाही. आई कापूस वेचायला जाई तेव्हा तो स्टँडवर भटके, आणि पोरे त्याच्या मागे लागत. एके दिवशी आईने त्याला सायकलवाल्या मिस्त्रीपुढे उभे केले. कामाचे नंतर पाहू, निदान इथे बसू दे, एवढेच तिचे मागणे.

मिस्त्रीचे दुकान शाखेच्या समोर होते, त्यामुळे पुढचे सहा महिने मी काचेतून पाहत होतो. मिस्त्रीने जमिनीवर एक पोते अंथरले. त्यावर डावीकडून उजवीकडे एकेक वस्तू मांडली : टायर उचकटायची पट्टी, पंप, पाण्याचे घमेले, कानस, सोल्युशनची ट्यूब, रबराची ठिगळे. हात डावीकडून सुरू करायचा आणि उजवीकडे संपवायचा. पहिले काही दिवस पोरगा फक्त शेवटचे काम करी. ठिगळावर अंगठा दाबून धरायचा, बस. मग शेवटून दुसरे. असे उलटे उलटे येत दिवाळीपर्यंत तो पहिल्या वस्तूपर्यंत पोचला. पोरगा चुकला की मिस्त्री रागवत नसे, पोते पुन्हा मांडत असे. मी एकदा विचारले, तर म्हणाला, ‘‘त्याले समजत नाई असं नाई साहेब. आपल्याले सांगता येत नाई.’’

आणखी एक गोष्ट मी तेव्हा पाहिली, पण तिचे मोल नंतर कळले. सुरुवातीला मिस्त्री त्याच्या खांद्याला खांदा लावून बसे. पुढे तो समोर बसू लागला. मग दुकानाच्या दारात. मग चहाला जाऊन येऊ लागला, आणि एक दिवस पांढरकवड्याच्या बाजाराच्या दिवशी, म्हणजे गिऱ्हाइकांची झुंबड असताना, दुपारभर आलाच नाही. दुकान चालले.

मजुरीवरून मात्र आमचे भांडण झाले. मिस्त्री पोराला जेवण आणि चहा देई, कधीमधी चार-आठ आणे. मी म्हणालो, पंक्चर तो काढतो, पैसे तू घेतोस. मिस्त्री आठ दिवस बोलला नाही. नंतर पंक्चरमागे हिस्सा ठरला. त्या पैशांचे खाते काढायला मी त्याला शाखेत आणले, तर आमच्याच नियमांनी अडवले : खातेदाराला व्यवहार समजतो काय? शेवटी आईच्या नावाने खाते निघाले. पंक्चरगणिक हिशेब ठेवणाऱ्या पोराला व्यवहार समजत नाही, असा शेरा माझ्याच हाताने पडला. वाचकहो, नोकरीत अशा बऱ्याच शेऱ्यांवर माझी सही आहे.

बदली झाली, वर्षे गेली. निवृत्तीच्या आसपास वाचताना कळले, की मिस्त्री जे करत होता त्याला जगात नाव आहे. अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या शिक्षकाने १९७० च्या दशकात, ज्यांना काही शिकवता येत नाही असा शिक्का बसला होता अशा मतिमंद माणसांना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग जोडायला शिकवून दाखवले. काम लहान लहान तुकड्यांत मोडायचे, आणि शिकला नाही तर दोष शिकवण्याच्या पद्धतीत शोधायचा. योगायोग असा, की तिथेही सायकलच! पुढे व्हर्जिनियातल्या पॉल वेमन वगैरे मंडळींनी पायरीच उलटी केली. आधी वर्षानुवर्षे प्रशिक्षण आणि मग नोकरी, या क्रमात बहुतेकांची नोकरी येतच नाही. म्हणून आधी खऱ्या दुकानात, खऱ्या मजुरीवर कामाला लावायचे आणि तिथेच शिकवायचे. शेजारी एक जाणता माणूस द्यायचा, त्याने हळूहळू मागे सरायचे, पण संपर्क तोडायचा नाही. १९८६ साली अमेरिकेच्या कायद्यात त्याला जागा मिळाली. मनोरुग्णांसाठी याच धर्तीवरची पद्धत १९९० च्या दशकात न्यू हॅम्पशायरमध्ये बांधली गेली. आपण त्याला सोबतीचा रोजगार म्हणू.

इथे कोणी म्हणेल, आपल्याकडे आनंदवन आहे की. आहेच, आणि पांढरकवड्याहून करंजी, मारेगाव, वणी करत वरोऱ्याला मी कितीदा गेलो आहे. १९५१ साली बाबा आमटे सहा कुष्ठरुग्ण आणि खिशात चौदा रुपये घेऊन त्या खडकाळ माळावर उतरले, आणि भीक नको, काम हवे हे त्यांनी करून दाखवले. बोटे झडलेल्या हातांनी विहिरी खोदल्या, शेती पिकवली, माग चालवले. पुढे संधिनिकेतनात अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग मुले कामे शिकली. अमरावतीला त्याही आधी, १९४६ पासून, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन होते. विदर्भाने हा धडा देशाला दिला, याचा मला अभिमान आहे.

पण आनंदवन हे वेगळे गाव वसवावे लागले, हे विसरू नये. गावाने ज्यांना वेशीबाहेर काढले, त्यांच्यासाठी वेशीबाहेर दुसरे गाव. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. तिथल्या भाजीलाही सुरुवातीला गिऱ्हाईक मिळत नव्हते. तो माणूस काम करू शकतो काय, हा प्रश्न वरोऱ्याला कायमचा सुटला. उरलेला प्रश्न पांढरकवड्याचा आहे. आमच्या जिनमध्ये, आमच्या सायकलच्या दुकानात, किराण्यात, शाळेच्या खिचडीच्या चुलीशी तो आमच्याशेजारी बसेल काय?

कायद्याने आपण बरेच पुढे आलो. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा ठेवल्या, २०१६ च्या कायद्याने त्या चार टक्के केल्या आणि अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले. नोकरीत असताना अपंगत्व आले तर काढून टाकता येत नाही, पण हे कलम सरकारी आस्थापनांपुरते. जिनमधल्या माझ्या माणसाला त्याचा आजही उपयोग झाला नसता. खासगी मालकांनी पाच टक्के माणसे घ्यावीत म्हणून त्यांना सवलती द्याव्यात, असेही नवा कायदा म्हणतो. २०११ च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात एकोणतीस लाखांवर. त्यांतल्या कसेबसे छत्तीस टक्के लोक कसले तरी काम करणारे होते. केळापूरसारख्या तालुक्यात सरकारी खुर्च्या त्या किती, आणि त्यांचे चार टक्के ते किती!

मग उरते कर्ज आणि वस्तू. तीनचाकी, शिलाई मशीन, टपरी. मध्ये एक एसटीडी बूथचा काळ येऊन गेला. अपंगांना ते प्राधान्याने मिळत, पुष्कळांचे संसार त्यावर उभे राहिले. मोबाइल आला आणि काचेच्या त्या खोल्या ओस पडल्या. त्यात बसलेल्या माणसाला पुढे काय येते, काय शिकता येईल, हे विचारायला कोणी गेले नाही. विभेदक व्याजदराची मर्यादा २००७ साली साडेसहा हजारांवरून पंधरा हजारांवर नेली. मर्यादा वाढली, सोबत आली नाही.

बँकेत आयुष्य घालवल्यामुळे मला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. जिनमधल्या त्या माणसाचे साडेचार हजार बुडाले. तेच साडेचार हजार जुन्या फिटरला देऊन, दोन-तीन महिने याच्या शेजारी उभा राहा, असे सांगितले असते तर? फिटर आनंदाने तयार झाला असता, जाळीचेही पैसे निघाले असते. पण माणसाच्या सोबतीला कर्ज देता येत नाही. तिची पावती नसते, तिच्यासमोर हार घालून फोटो काढता येत नाही. टपरीचा काढता येतो.

गेल्या पावसाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने पांढरकवड्याला गेलो. हात गेलेला माणूस वारल्याचे कळले; शेवटची वर्षे तो एका शेतात राखणदार होता. जिनकडे मी गेलो नाही.

सायकलचे दुकान आता मोटारसायकलींचे आहे. मिस्त्रीचा मुलगा चालवतो, हाताखाली दोन पोरे. पंक्चरवाला पोरगा आता पन्नाशी ओलांडलेला, केस पांढरे, आई गेलेली. तो तिथेच आहे. त्याच्या नावाचे खातेही आता आहे, पासबुक त्याने दोनदा आणून दाखवले. पण आताच्या मोटारसायकलींना ट्यूब नाही. ठिगळ नको, सोल्युशन नको, घमेले नको. टायरमध्ये दाभणाने रबराची वात खुपसायची की झाले. तीस वर्षे डावीकडून उजवीकडे जाणारा हात त्या दाभणापाशी थांबत होता.

‘‘शिकवाले टाइम कोनाले हाये काका,’’ मिस्त्रीचा मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. दारात चार गाड्या उभ्या होत्या.

मिस्त्री ऐंशीच्या घरात. डोळ्याला नीट दिसत नाही. तो आतल्या खोलीतून भिंत धरत बाहेर आला, मला ओळखायला त्याला वेळ लागला. मग त्याने नातवाला पोते आणायला सांगितले. जमिनीवर अंथरून घेतले, चाचपत त्यावर दाभण ठेवले, शेजारी रबराची वात, शेजारी ब्लेड. क्रम चुकला, तो नातवाने सरळ करून दिला. पंक्चरवाला येऊन त्याच्याजवळ टेकला. मिस्त्रीने त्याच्या हातात ब्लेड दिले. टायरबाहेर राहिलेली वात तेवढी कापायची.