फुप्फुसांतील कर्करोगाची पूर्वतयारी

कर्करोग एका रात्रींत उद्भवतो, असा पुष्कळांचा समज असतो. धडधाकट दिसणाऱ्या गृहस्थाच्या छातीच्या क्ष-किरणचित्रांत अकस्मात् गांठ आढळली, म्हणजे तसें वाटणें स्वाभाविकच आहे. परंतु त्या गांठीमागें बहुधा अनेक वर्षांची मूक तयारी असते.

श्वासनलिकांना आंतून उभट पेशींचें अस्तर असतें. या पेशींवरील अतिसूक्ष्म लव सेकंदास १० ते १५ वेळां हालून, कफांत अडकलेली धूळ घशाकडे लोटीत असते. विडी-सिगारेटचा धूर नित्य लागूं लागला कीं ही लव झडते, तळच्या पेशी वाढूं लागतात आणि उभट पेशींची जागा चपट्या पेशी घेतात. या पेशी धुराचा मारा सोसण्यास चिवट खऱ्या. पण झाडलोटीचें काम त्यांच्यानें होत नाहीं. येथवर हा कर्करोग नव्हे. पुढें मात्र धुरांतील विषारी द्रव्यांमुळें पेशींच्या गुणसूत्रांत बिघाड सांचत जातो. त्यांचीं केंद्रें मोठीं व वेडींवांकडीं होतात, रांगा विस्कटतात. हा बिघाड अस्तराच्या सर्व थरांत भिनला, तरी खालचा पातळ पडदा शाबूत असेपर्यंत रोग जागच्या जागीं राहतो. पडदा फुटला म्हणजे त्यास रक्ताची व लसिकेची वाट मोकळी होते.

फुप्फुसाच्या कडेच्या वायुकोशांत अशीच पूर्वतयारी निराळ्या पेशींत होते. ती धूम्रपान न करणाऱ्यांतहि आढळते.

श्वासनलिकेंतील या आरंभींच्या अवस्थांत वेदना नसते आणि क्ष-किरणचित्रांत कांहीं दिसतहि नाहीं. तथापि ही वाट एकमार्गी नव्हे. अमेरिकेंतील डॉ. ऑस्कर ऑअरबाख यांनीं मृत व्यक्तींच्या श्वासनलिकांचे हजारों छेद सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून १९६१ व १९६२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूम्रपान करणाऱ्यांत बिघडलेल्या पेशी विपुल होत्या. तें सोडून दिलेल्यांत त्या पुष्कळच कमी आढळल्या.

"आतां या वयांत सोडून काय उपयोग?" या नेहमींच्या प्रश्नाचें उत्तर ब्रिटनमध्यें मिळालें. तेथें १९५१ पासून ५० वर्षें डॉक्टरांच्याच धूम्रपानाची नोंद ठेवण्यांत आली. सर रिचर्ड डॉल व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं दाखवून दिलें कीं, ६० व्या वर्षीं धूम्रपान सोडणाऱ्याचें आयुष्य तें न सोडणाऱ्यापेक्षां सरासरी ३ वर्षें, ५० व्या वर्षीं सोडणाऱ्याचें ६ वर्षें व ४० व्या वर्षीं सोडणाऱ्याचें ९ वर्षें अधिक असतें.

तात्पर्य, गांठ दिसण्याची वाट पाहणें म्हणजे परतण्याची संधि दवडणें होय.