बांबूच्या कलमदानाची पारख

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत बांबू कोणाला माहीत नाही? टोपली, सूप, चटई, ताटी असे कितीतरी सामान त्याचेच बनते. या भागातल्या बुरुडाच्या हातात चीनचे जुने, कोरीव कलमदान दिले, तर ते खरोखर बांबूचे आहे की नाही, हे तो चटकन सांगू शकेल. तुम्हालाही ते जमेल.

चीनमध्ये पूर्वी ब्रशने लिहीत. ते ब्रश उभे ठेवण्यासाठी रुंद, पोकळ बांबूचा तुकडा घेत आणि त्यावर डोंगर, झाडे, माणसे कोरत. आपला मानवेल बांबू बारीक आणि बहुधा भरीव असतो; त्याचे असे भांडे होणार नाही. जुन्या कलमदानांना मोठी किंमत येते, म्हणून त्यांच्या नकलाही पुष्कळ निघतात. काही नकला तर बांबूच्या नसतातच. प्लास्टिकसारखा पदार्थ साच्यात ओतून त्या बनवतात.

आधी कलमदानाची कड पाहा. बांबूच्या कापलेल्या टोकावर बारीक ठिपके दिसतात. बाहेरच्या बाजूला ते दाट असतात, आतल्या बाजूला विरळ. लाकडासारखी वर्तुळे बांबूत नसतात. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा असतात. मग नक्षी पाहा. बांबूचे धागे उभे जातात आणि कोरलेल्या भागातही ते दिसतात. साच्यातल्या वस्तूत धागे नसतात. कधी बुडबुड्यांची छिद्रे दिसतात, कधी जोडाची रेघ. तडा गेला असेल, तर तोही बघा. बांबू उभा फाटतो, हे बुरुडाला सांगावे लागत नाही. खोलगट जागी धूळ बसलेली आणि हात लागून उंच भाग गुळगुळीत झालेला असेल, तर वस्तू वापरातली आहे, एवढे कळते.

पण वस्तू बांबूची आहे म्हणजे ती जुनी आहे, असे नाही! नवा बांबूही चहाच्या पाण्याने तपकिरी करता येतो. कारागिराची सही तर त्याहून फसवी. सोळाव्या-सतराव्या शतकांत शांघायजवळच्या ज्यादिंग गावात झू ह, त्याचा मुलगा झू यिंग आणि नातू झू झिझेंग हे नामांकित कोरीवकाम करणारे होते. पुढे कितीतरी लोकांनी त्यांची नावे आपल्या मालावर कोरली. मग खरी सही ओळखायची कशी? १९६६ साली शांघायच्या बावशान भागात मिंग काळातील एक कबर उघडली गेली. तिच्यात झू यिंगची सही असलेली बांबूची धूपनळी मिळाली. डोंगरात औषधी वनस्पती शोधायला गेलेल्या दोन माणसांना पऱ्या भेटतात, ती गोष्ट तिच्यावर कोरलेली आहे. नळी त्या काळापासून जमिनीखाली होती. म्हणून नंतरच्या कोणी तिच्यावर सही केली असण्याचा प्रश्नच नाही. ती आता शांघायच्या संग्रहालयात आहे आणि तिच्याशी ताडून इतर वस्तू पारखता येतात.

काही लोक तापलेली सुई टोचून परीक्षा करतात. तसे करू नका. खरी वस्तू असेल, तर तिच्यावर कायमचा डाग पडतो.