वन्य मधमाश्यांच्या विषातील जीवाणुनाशक पेप्टाइडे

मधमाशीच्या विषाचा अभ्यास जुना असला, तरी तो दीर्घकाळ पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीपुरताच राहिला, कारण वसाहतीतील हजारो माश्यांकडून विष गोळा करणे तुलनेने सोपे असते. या विषाच्या कोरड्या वजनाचा सुमारे निम्मा भाग मेलिटिन या एकाच पेप्टाइडचा असतो. पेप्टाइड म्हणजे ॲमिनो आम्लांची आखूड साखळी. प्रथिनांच्या साखळ्याही याच घटकांच्या, पण बऱ्याच लांब असतात. मेलिटिनमध्ये २६ ॲमिनो आम्ले असून ते जीवाणूंना मारते खरे, पण माणसाच्या लाल रक्तपेशीही फोडते, आणि औषध म्हणून त्याचा विचार करताना हाच दोष आड येतो.

मधमाश्यांच्या जगभरातील सुमारे २०,००० जातींपैकी बहुतेक जाती मात्र एकांड्या आहेत; त्यांतील मादी जमिनीतील बिळात, पोकळ काडीत किंवा लाकडात स्वतःचे वेगळे घरटे करते. आपल्याकडे वाळलेला बांबू आणि घराचे वासे पोखरणारा काळा भुंगा याच गटात मोडतो, आणि पूर्व आशियातील त्याच्या एका भाईबंदाच्या विषातही जीवाणुनाशक पेप्टाइडे सापडली आहेत. वन्य माश्यांच्या विषाचा सर्वांत चिकाटीचा शोध मात्र प्रागमधील सेंद्रिय रसायनशास्त्र व जीवरसायनशास्त्र संस्थेत व्हाक्लाव्ह चेर्झोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. पकडलेल्या माशीची विषाची पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने वेगळी काढायची, तिच्यातील अत्यल्प द्रवाचे घटक अलग करायचे, प्रत्येक घटकातील ॲमिनो आम्लांचा क्रम ठरवायचा आणि मग तेच पेप्टाइड प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार करून जीवाणूंवर तपासायचे, अशी ही पद्धत होती. एकदा क्रम हाती आला की पुढील प्रयोगांसाठी माश्या पकडाव्या लागत नाहीत, हे तिचे मोठेच बलस्थान मानले पाहिजे.

या कामातून २००९ मध्ये लॅसिओग्लॉसम लॅटिसेप्स या लहानशा माशीच्या विषातील लॅसिओग्लॉसिन नावाची तीन पेप्टाइडे प्रसिद्ध झाली. तिन्हींत १५ ॲमिनो आम्ले असून त्यांच्या क्रमात केवळ एकदोन ठिकाणी फरक आहे. तिसऱ्याचा क्रम पाहिला तर चौथ्या, पाचव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या स्थानी लायसिन हे धनभारित ॲमिनो आम्ल येते आणि उरलेल्या बहुतेक जागा पाण्यापासून दूर राहणाऱ्या घटकांनी भरलेल्या दिसतात. जीवाणूच्या आवरणाशी संपर्क आला की ही साखळी गोल जिन्याप्रमाणे वळते, आणि तिच्या दर वेढ्यात साधारण ३.६ घटक बसत असल्यामुळे क्रमात विखुरलेली लायसिने प्रत्यक्षात बव्हंशी एकाच बाजूला येतात, तर पाणी टाळणारे घटक दुसऱ्या बाजूला जमतात. जीवाणूंच्या आवरणात ऋणभारित मेदरेणू भरपूर असतात. त्यांच्याकडे धनभारित बाजू ओढली जाते, दुसरी बाजू मेदात शिरते आणि आवरण फाटून जीवाणू मरतो. मानवी पेशींचा बाह्य पृष्ठभाग विद्युतदृष्ट्या बराचसा उदासीन असल्याने तेथे ही ओढ कमी पडते, आणि लॅसिओग्लॉसिने रक्तपेशींना फारशी इजा करत नाहीत.

निवडीची ही क्षमता किती नाजूक असते, हे मेलेक्टा अल्बिफ्रॉन्स या, दुसऱ्या माश्यांच्या घरट्यांत अंडी घालणाऱ्या, परोपजीवी माशीवरून कळते. तिच्या विषातील मेलेक्टिन या १८ घटकांच्या पेप्टाइडमध्ये अकराव्या स्थानी प्रोलिन असते आणि तेथे गोल जिन्याप्रमाणे वळलेल्या साखळीला बाक येतो. संशोधकांनी हे प्रोलिन बदलून आणि वगळूनही पाहिले, तेव्हा जीवाणूंना मारावे पण रक्तपेशींना सोडावे या गुणात त्या बाकाचा मोठा वाटा असल्याचे दिसले. त्यानंतर हॅलिक्टस सेक्ससिंक्टस, पॅनर्गस कॅल्केरेटस आणि फुलांतील तेल गोळा करणारी मॅक्रोपिस फुल्व्हिपेस यांच्या विषांतूनही अशीच आखूड पेप्टाइडे मिळाली.

या शोधांची निकड प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे वाढली आहे, कारण २०१९ या एका वर्षात अशा प्रतिरोधामुळे थेट झालेल्या मृत्यूंचा जागतिक अंदाज सुमारे १२ लाख ७० हजार इतका आहे. आवरणावरच घाव घालणाऱ्या रेणूविरुद्ध प्रतिकार उभारणे जीवाणूला अवघड जाते, अशक्य नव्हे. शिवाय शरीरातील विकरे, म्हणजे प्रथिनांचे तुकडे करणारी रसायने, ही पेप्टाइडे लवकर तोडतात, आणि कृत्रिम निर्मितीही महाग पडते. म्हणून त्यांतील काही ॲमिनो आम्लांच्या जागी त्यांची आरशातील प्रतिबिंबासारखी रूपे बसवून ती टिकाऊ करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

प्रयोगशाळेतील या यशाचा अर्थ माशीचा दंश जंतुसंसर्ग बरा करतो असा मुळीच नाही. विषात वेदना आणि सूज आणणारे अनेक घटक असतात आणि ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला एका दंशानेही जिवाचा धोका होऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाला पर्याय म्हणून कोणीही दंश घेऊ नये.