क्रूझवरचे जेवण : ऐकीव मते आणि वस्तुस्थिती

क्रूझ जहाजाच्या मुख्य डायनिंग रूममधल्या जेवणाबद्दल प्रवाशांची मते कमालीची टोकाची असतात. शेजारशेजारच्या टेबलांवर तीच डाळ, तोच मासा, तोच पुडिंगचा वाडगा. तरी एकाला तो राजेशाही थाट वाटतो आणि दुसऱ्याला पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटते. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांपर्यंत ही मते सहलीहून परतलेल्या पाहुण्यांच्या गप्पांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून पोहोचतात. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातील नांदूरघाटपासून मुंबईचे बंदर रस्त्याने चारशेएक किलोमीटरवर आहे. तिथल्या कुटुंबाने आयुष्यातली पहिली क्रूझ ठरवायची, तर हाताशी बहुधा अशी ऐकीव मतेच असतात, आणि त्यांतली बरीच चुकीच्या गृहीतांवर उभी असतात.

पहिले गृहीत असे, की 'क्रूझचे जेवण' ही एकच चीज आहे. मुंबईहून गेल्या काही वर्षांत सुटलेली जहाजे पाहिली, तरी ते टिकत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झालेली मुंबई–गोवा 'आंग्रिया' ही एका रात्रीची सफर होती. 2019 मध्ये आलेली 'कर्णिका' आणि सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीने चालवलेली 'एम्प्रेस' ही मोठी जहाजे; दोन्ही आधी परदेशी कंपन्यांकडे चाललेली. एम्प्रेस तर 1990 साली फ्रान्समध्ये सॅं-नाझेर इथे रॉयल कॅरिबियनसाठी बांधली गेली होती आणि तिच्यावर साधारण अठराशे प्रवासी मावतात. त्याच रॉयल कॅरिबियनच्या 2024 मधल्या 'आयकॉन ऑफ द सीज'ची कमाल क्षमता 7,600 प्रवाशांची आहे. मुंबईच्या जहाजावर भारतीय पदार्थांना मुख्य जागा असते, भूमध्य समुद्रातल्या जहाजावर पास्त्याला, अलास्काच्या जहाजावर सामन माशाला. एका जहाजावरचा अनुभव दुसऱ्याला लावणे म्हणजे पुण्याच्या खानावळीवरून कोल्हापूरच्या जेवणाचा निकाल देण्यासारखे आहे.

सर्वांत मोठा गैरसमज डायनिंग रूमच्या देखाव्यातून होतो. पांढरे टेबलक्लॉथ, काट्याचमच्यांची रांग, छापील मेन्यू, नम्र वेटर हे सगळे पाहून प्रवासी तिला चांगले रेस्टॉरंट समजतो आणि तशीच अपेक्षा ठेवतो. प्रत्यक्षात तिथे चालते ती शेकडो पानांची पंगत. फक्त ती वाढली जाते रेस्टॉरंटच्या शिष्टाचाराने. ठरावीक वेळेची पद्धत असेल, तर पहिली बसणी संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि दुसरी आठ–साडेआठला असते. एकेका बसणीत कित्येक शे लोक जवळपास एकाच वेळी ऑर्डर देतात. प्रत्येकासाठी वेगळी कढई चढवणे शक्यच नसते. त्यामुळे पदार्थ घाण्याघाण्याने शिजतात, गरम कपाटांत राहतात, ताटे ओळीत मांडून भरली जातात आणि वेटर एका खेपेत आठदहा झाकलेल्या बशा घेऊन निघतो. बहुतेक कंपन्यांत मेन्यूही जहाजावर ठरत नाही. तो मुख्य कार्यालयातून पाककृती, वजन आणि मांडणीच्या छायाचित्रासह येतो.

हे लक्षात घेतले की बऱ्याच तक्रारींचा आणि बऱ्याच कौतुकाचाही उलगडा होतो. गरम राहून जे बिघडत नाही, ते इथे उत्तम लागते: सूप, डाळ, रस्से, कोर्मे, मंद आचेवर शिजलेले मांस, थंड गोड पदार्थ. ज्याची चव तव्यावरून ताटात येण्याच्या मिनिटा-दोन मिनिटांत असते, ते इथे मार खाते: डोसा, भजी, तळलेला मासा, स्टेक. 'डाळ अप्रतिम, डोसा चामट' असे मत एकाच माणसाने दिले, तर त्यात विसंगती नाही. भटारखान्याचे ते अचूक वर्णन आहे. डाळीच्या बाबतीत पाण्याचाही हात असतो. जहाजावरचे गोडे पाणी बरेचसे समुद्राच्या पाण्यातून ऊर्ध्वपातनाने किंवा आरओने काढतात, मग त्यात थोडे क्षार आणि क्लोरीन मिसळतात. ते मचूळ असते ही समजूत खोटी आहे. मराठवाड्यातल्या कित्येक बोअरच्या जड पाण्यापेक्षा ते हलके असते आणि हलक्या पाण्यात डाळ लवकर गळते.

चपाती-भाकरीबद्दलची नाराजी मराठी प्रवाशांत हमखास ऐकू येते आणि 'यांना पोळी करता येत नाही' असा तिचा सूर असतो. कारण हाताच्या कौशल्यात नाही, आगीत आहे. भर समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते आणि अग्निशामक दलही येत नाही. म्हणून आजच्या मोठ्या प्रवासी जहाजांचे भटारखाने उघड्या ज्वाळेवर चालत नाहीत. विजेचे तवे, इंडक्शन, भट्ट्या आणि वाफेवर तापणारी मोठी पातेली वापरतात. तळणीच्या कढईला एक मुख्य आणि एक जादा थर्मोस्टॅट, धोक्याची घंटा आणि तिथल्या तिथे आग विझवणारी यंत्रणा 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार लागते. ज्वाळेवर टम्म फुगणारा फुलका अशा ठिकाणी तव्यावरच दाबून फुगवावा लागतो. ज्वारीच्या भाकरीची अडचण याहून मोठी. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने पीठ लाटून ताणता येत नाही. उकळत्या पाण्यात मळून, परातीत एकेक भाकरी हाताने थापावी लागते, वरून पाणी फिरवून उलटावी लागते आणि शेवटी विस्तवावर फुगवावी लागते. शिवाय ती गार झाली की कडक होते. केजच्या चुलीवर पाच-सात माणसांसाठी जे सहज जमते, ते विजेच्या तव्यावर हजार पानांसाठी जमत नाही. मैद्याचा नान आणि पराठा जहाजावर जास्त दिसतात ते यामुळेच.

'स्वयंपाकी परदेशी, त्यांना आपली चव काय कळणार' हेही खरे नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर एकोणिसाव्या शतकापासून गोव्याचे स्वयंपाकी आणि स्ट्युअर्ड मोठ्या संख्येने होते. बोटीवर चढण्याआधी आणि उतरल्यावर ते मुंबईत धोबी तलाव परिसरात गावागावाच्या 'कुडां'मध्ये मुक्काम करत. भारतीय खलाश्यांच्या बोलीत जहाजावरच्या स्वयंपाक्याला 'भंडारी' म्हणण्याची रीतही जुनी. आजही अनेक परदेशी क्रूझवर भटारखान्यात आणि टेबलाशी भारतीय माणसे भेटतात. कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या जेवणघरात रोज भात-आमटी शिजते, ती कित्येकदा प्रवाशांच्या करीपेक्षा झणझणीत असते. प्रवाशांच्या ताटातला तिखटाचा हात आखडतो तो अज्ञानाने नव्हे. एकाच पातेल्यातून दहा देशांच्या जिभांना वाढायचे असते म्हणून. वेटरला पहिल्याच रात्री सांगून ठेवले, तर हिरवी मिरची किंवा जास्त तिखट रस्सा दुसऱ्या दिवसापासून मिळू शकतो.

समुद्रावर आहोत म्हणजे मासा ताजाच असणार, ही भाबडी समजूत. क्रूझ जहाज मासेमारी करत नाही. रत्नागिरी-मालवणसमोरून जाताना ताटात आलेला मासा बहुधा मूळ बंदरात, गोठवलेल्या खोक्यात चढलेला असतो. यात कमीपणा काही नाही: उणे 18 अंश सेल्सिअसला नीट राखलेला मासा दोन दिवस बर्फात पडलेल्या 'ताज्या' माशापेक्षा बरा असतो, आणि सुशीसारख्या कच्च्या पदार्थांसाठी तर परजीवी मारायला मासा आधी गोठवणे आरोग्यनियमांतच बसवलेले आहे. विमानातल्यासारखे जहाजावरचेही अन्न बेचव लागते, या म्हणण्यालाही आधार नाही. विमानात हवेचा दाब कमी आणि हवा अतिकोरडी असल्याने मीठ-साखरेची जाणीव मंदावते. जहाज समुद्रसपाटीवरच असते. तिथे आमटी अळणी लागली, तर ती अळणीच आहे.

शाकाहारी आणि जैन प्रवाशांबद्दल दोन उलट गैरसमज आहेत. एक, त्यांची उपासमार होते. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय हाच विक्रीचा मोठा मुद्दा असतो. परदेशी जहाजांवरही बुकिंगच्या वेळी कळवल्यास भारतीय शाकाहारी जेवण बहुधा मिळते, आणि अनेक डायनिंग रूममध्ये मेन्यूवर नसलेली एखादी भारतीय भाजी रोज तयार असते. दुसरा गैरसमज जास्त अडचणीत आणतो: मेन्यूवर हिरवे पान छापले म्हणजे पदार्थ आपल्या अर्थाने शाकाहारी. युरोपीय भटारखान्यात अंडे शाकाहारातच मोडते. भाज्यांच्या सुपाला कोंबडीच्या हाडांचा काढा, थाई भाजीला मत्स्यसॉस, पुडिंगला जिलेटिन लागू शकते. अस्सल पार्मेजानो रेज्यानो चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने साकळते, म्हणजे नुसत्या टोमॅटो पास्त्यावर भुरभुरलेला कीसही शाकाहारी उरत नाही. 'व्हेजिटेरियन' एवढेच सांगून भागत नाही. अंडे, मासा, मांसाचा काढा, कांदा-लसूण यांतले काय चालत नाही ते एकेक सांगावे लागते, तेही आदल्या रात्री, म्हणजे भटारखान्याला वेळ मिळतो.

घरून शिदोरी न्यावी का, हा प्रश्न इथेच निघतो. कोकणच्या आगबोटींवर डेकचे प्रवासी भाकरी बांधून चढत. ती सवय आजच्या क्रूझवर चालत नाही. बहुतेक कंपन्या घरी शिजवलेले अन्न आत घेऊ देत नाहीत. सीलबंद कोरडा खाऊ बहुधा चालतो. धपाटे बांधून नेणाऱ्यांना ते तपासणीच्या टेबलाशी सोडावे लागू शकतात, शेंगदाण्याच्या चटणीचे बंद पाकीट निभावते. जहाजातून बंदरात अन्न उतरवणे ही त्याहून गंभीर बाब. न्यूझीलंडमध्ये जाहीर न करता नेलेल्या एका सफरचंदालाही जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो, मग ते जहाजाच्याच बुफेतून उचललेले का असेना.

'तिकिटात सगळे खाणेपिणे आले' हे वाक्य अर्धेच खरे आहे. मुख्य डायनिंग रूम आणि बुफे सहसा तिकिटात येतात. खास रेस्टॉरंटे, मद्य, बाटलीबंद शीतपेये, मशीनवरची कॉफी यांचे पैसे वेगळे. अमेरिकी जहाजांवर साधे पाणी, चहा, कॉफी फुकट असते, तर भूमध्य समुद्रातल्या काही युरोपीय जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या टेबलावरचे पाणीही बाटलीच्या दराने बिलात चढते. सेवाशुल्क अनेक कंपन्या दर माणशी दर दिवशी आपोआप लावतात. जेवणाबद्दलच्या कडवट मतांमागे कित्येकदा चव नसते, शेवटच्या सकाळी हातात पडलेले बिल असते.

जहाजावरच्या अन्नाने हमखास पोट बिघडते, या धारणेला बातम्यांनी खतपाणी मिळते. नोरोव्हायरसच्या साथी जहाजांवर येतात हे खरे. पण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार नोंदल्या जाणाऱ्या एकूण नोरोव्हायरस साथींपैकी क्रूझवरच्या सुमारे 1 टक्का असतात. त्या ठळक दिसतात, कारण जहाजांना आजाऱ्यांची मोजदाद ठेवून कळवावीच लागते आणि या केंद्राच्या जहाज-स्वच्छता कार्यक्रमात 3 टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की साथ जाहीर होते. गावातल्या लग्नात तीन टक्के पाहुण्यांचे पोट बिघडले, तर त्याची नोंदही होत नाही. हा विषाणू बहुतेकदा माणसाकडून माणसाकडे जातो. त्यावर सॅनिटायझर फारसे चालत नाही, साबण-पाणी चालते.

याच कार्यक्रमात अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या जहाजांची न सांगता तपासणी होते. 100 पैकी 85 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास, आणि निकाल जाहीर असतो. गरम अन्न 57 अंश सेल्सिअसच्या वर, थंड 5 अंशांच्या खाली ठेवावे लागते. तापमानाऐवजी घड्याळावर सोडलेले अन्न चार तासांनंतर फेकावे लागते. त्यामुळे 'कालचा बुफे आज डायनिंग रूममध्ये' हा लोकप्रिय आरोप अशा जहाजांना महागात पडेल. एकदा प्रवाशापुढे वाढलेले अन्न दुसऱ्याला देता येत नाही.

मग ते जाते कुठे? 'सगळे समुद्रात ओततात' हे उत्तरही नेमके नाही. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या 'मारपोल' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार 25 मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतके बारीक केलेले अन्न जहाज चालू असताना किनाऱ्यापासून किमान 3 सागरी मैलांवर, म्हणजे साडेपाच किलोमीटरवर सोडता येते. न दळलेले 12 मैलांवर. भूमध्य आणि कॅरिबियनसारख्या विशेष क्षेत्रांत दळलेले अन्नही 12 मैलांच्या आत सोडता येत नाही. प्लास्टिक मात्र कुठेच टाकता येत नाही. म्हणून भटारखान्यात उष्टे पोहोचले की टूथपिक, चहाची पिशवी, लोण्याचे वेष्टन हाताने वेगळे काढणारी माणसे नेमलेली असतात.